धसका, भीड, धाकधूक: रोजच्या भीतीत धीर कसा धरायचा

मे महिन्यातल्या एका सकाळी कुर्ला आणि सायनच्या मधे आमची लोकल थांबली. पंखे फिरत होते, तरी डब्यात हवा अशी नव्हतीच. माझा एक हात वरच्या कडीत, दुसरा पर्सवर, आणि चारी बाजूंनी माणसं इतकी की वरचा हात खाली घ्यायलाही जागा नाही. पाचेक मिनिटांनी छातीत धडधडायला लागलं. मग घशाला कोरड, बोटांना मुंग्या, डोळ्यांपुढे अंधारी. आता आपण इथेच जाणार, असं अगदी स्पष्ट वाटलं. गाडी हलली, सायनला मी कशीबशी उतरले आणि बाकावर बसले. एका अनोळखी बाईने पाण्याची बाटली पुढे केली. तिची पुढची गाडी आली आणि गेली, तरी ती माझ्याजवळ बसून राहिली.

त्यानंतर आठ महिने मी लोकलमध्ये पाऊल ठेवलं नाही. भांडुपहून फोर्टला बस बदलत जायचं, घाईच्या दिवशी टॅक्सीचे पैसे मोजायचे, रात्री घरी पोचायला नऊ. घरचे म्हणायचे, "धीर आला की जा, घाई नको." मलाही तेच बरोबर वाटायचं. आठ महिन्यांत धीर काही आला नाही, भीती मात्र पसरली. आधी फक्त लोकल होती, मग लिफ्ट आली, मग सिनेमागृह, मग लग्नाचा भरलेला हॉल. आधी धीर येईल आणि मग पाऊल पडेल, असा क्रम आपण धरून बसतो. तो उलटा चालतो, हे मला फार उशिरा कळलं. आणि ते पहिलं पाऊल कसं टाकायचं याची एक पद्धत आहे, ती कुणालाही शिकता येते. मी ती जशी शिकले तशी इथे लिहिते आहे.

आधी भीतीला तिचं खरं नाव द्या

मराठीत भीतीसाठी शब्द भरपूर आहेत आणि ते एकमेकांच्या जागी चालत नाहीत. विहिरीत पडलेल्या मुलाने पाण्याचा धसका घेतला असं आपण म्हणतो, पाण्याची धाकधूक म्हणत नाही. दहावीच्या निकालाच्या आदल्या रात्री असते ती धाकधूक. साहेबांकडे रजा मागताना जीभ अडते ती भीड. गल्लीतल्या गुंडाची असते ती दहशत. हा फरक नुसता भाषेचा नाही. प्रत्येकीवरचा उपाय वेगळा आहे, आणि भलत्या भीतीवर भलता उपाय केला की माणूस "माझ्याच्याने होत नाही" म्हणून सोडून देतो.

म्हणून पहिलं काम हे. एखाद्या गोष्टीची भीती वाटते, तर ती एका वाईट प्रसंगानंतर सुरू झाली का? मग तो धसका. समोरच्याला काय वाटेल, लोक काय म्हणतील, यात अडकली आहे का? मग भीड. अजून न घडलेल्या, आपल्या हातात नसलेल्या गोष्टीची वाट बघण्यातून आली आहे का? मग धाकधूक. आणि कुणीतरी माणूस खरोखर तुम्हाला घाबरवतो आहे, तर ती दहशत. तिथे एकट्याने धीर गोळा करत बसायचं नाही.

जी भीती खरी आहे, तिचं ऐका

प्रत्येक भीती घालवायची नसते. दारात लटकून जाणाऱ्या मुलांना आपल्याकडे धाडसी समजतात, ते मला मान्य नाही. चालत्या गाडीच्या दांडीवरून हात सुटेल ही भीती शहाणी आहे. रूळ ओलांडताना पाय अडखळतो, तर तो पाय बरोबर सांगतो आहे, पुलावरून जा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता. तो दिवस पाहिलेला माणूस दादरजवळच्या सखल हिंदमाताला पाणी भरतंय हे कळल्यावर ऑफिसातून दुपारीच निघाला, तर त्याला भित्रा म्हणू नका. साचलेल्या पाण्याखाली उघडं गटार असू शकतं.

माझी कसोटी साधी आहे. जी गोष्ट टाळावीशी वाटते ती माझ्यासारख्या हजारो जणी रोज विनासायास करतात का? गर्दीच्या लोकलमध्ये आत उभं राहणं करतात. मग तिथे माझ्या मनातली घंटा चुकीची वाजते आहे. फूटबोर्डवरून लटकणं? तिथे घंटा बरोबर आहे.

दहशतीबद्दल इथेच लिहून टाकते, कारण त्यात पायऱ्या वगैरे काही नाहीत. घरात कुणी मारत असेल, धमकावत असेल, तर महिलांसाठी १८१ आणि कुठल्याही तातडीसाठी ११२ हे क्रमांक आहेत. मुंबईत महिलांसाठी पोलिसांचा १०३ ही आहे. आणि हल्ली फोनवरची एक दहशत फार वाढली आहे. व्हिडिओ कॉलवर गणवेशातला माणूस येतो, तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले म्हणतो, तुम्हाला 'डिजिटल अटक' झाली आहे, कॅमेऱ्यासमोरून हलू नका, कुणाला सांगू नका म्हणतो. आपल्या कायद्यात डिजिटल अटक असा प्रकारच नाही. 'कुणाला सांगू नका' हे शब्द ऐकले की फोन ठेवा आणि पहिल्यांदा घरातल्या कुणाला तरी सांगा. पैसे गेले असतील तर १९३० वर लगेच तक्रार करा. लगेच म्हणजे त्याच तासाला, कारण पैसे पुढे सरकण्याआधी अडवता येण्याची शक्यता तेव्हाच जास्त असते.

वहीत लिहा, पण नेमकं

सायनच्या प्रसंगानंतर आमच्या फॅमिली डॉक्टरांनी आधी ईसीजी काढला, हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासलं. हे वगळू नका. थायरॉइड वाढलेलं असेल किंवा अंगात रक्त कमी असेल तरी धडधड होते, आणि छातीत दुखणं हे कधीही 'मनाचं आहे' म्हणून घरच्या घरी निकालात काढू नये. सगळं व्यवस्थित आल्यावर डॉक्टर म्हणाले, "एक दोनशे पानी वही आणा आणि तुम्हाला नक्की कशाची भीती वाटते ते लिहा."

मी लिहिलं, 'लोकलची भीती वाटते.' पुढच्या वेळी त्यांनी ते वाचून वही परत दिली. "लोकल म्हणजे काय? रंगाची? आवाजाची?" त्या रात्री मी पुन्हा बसले आणि चार ओळी निघाल्या. गाडी मधेच थांबेल. मला श्वास घेता येणार नाही. मी पडेन. कुणी मदतीला येणार नाही.

चार ओळी समोर दिसल्या तेव्हा पहिल्यांदा जरा मोकळं वाटलं, कारण आता त्या एकेक करून तपासता येत होत्या. गाडी मधेच थांबेल, हे खरं आहे, थांबतेच. श्वास घेता येणार नाही? त्या दिवशी मी खूप श्वास घेत होते, भरभर घेत होते. भरभर श्वासाने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि त्यानेच बोटांना मुंग्या येतात, गरगरतं. म्हणजे मला हवा कमी पडत नव्हती, मी गरजेपेक्षा जास्त घेत होते. पडेन? अशा घाबरण्यात रक्तदाब बहुधा वर जातो, आणि चक्कर येऊन पडायला तो खाली यावा लागतो. आणि कुणी मदतीला येणार नाही, ही चौथी ओळ तर सायनच्या बाकावरच खोटी ठरली होती. आठ महिने मी ती बाई विसरले होते आणि अंधारी तेवढी लक्षात ठेवली होती.

तुमच्या वहीतही असंच करा. 'काय होईल' हे एका वाक्यात एकच गोष्ट असं लिहा, आणि प्रत्येक ओळीपुढे भीतीचे गुण द्या. शून्य म्हणजे घरी चहा पीत बसलोय, शंभर म्हणजे यापेक्षा जास्त भीती असूच शकत नाही. जोसेफ वोल्पे या डॉक्टरांनी रूढ केलेली ही मोजपट्टी आजही उपचारात वापरतात. गुण अचूक नसले तरी चालतात. कालच्या ७० चे आज ५५ झाले, हे दिसलं पाहिजे एवढंच.

पायऱ्या बांधा

ही सगळी पद्धत जिच्यावर उभी आहे ती गोष्ट शंभर वर्षांपूर्वीची आहे. १९२४ साली अमेरिकेत मेरी कव्हर जोन्स या मानसशास्त्रज्ञ बाईंनी जेमतेम तीन वर्षांच्या एका मुलाचा अभ्यास प्रसिद्ध केला. अभ्यासात त्याचं नाव पीटर आहे. त्याला सशाची भीती वाटायची, आणि सशावरून ती फरच्या कोटाला, पिसाला, कापसालाही चिकटली होती. माझी लोकलवरून लिफ्टला चिकटली तशीच. जोन्सबाईंनी त्याला समजावत बसण्यात वेळ घालवला नाही. तो खुर्चीत बसून आवडीचं खात असताना पिंजऱ्यातला ससा खोलीत दूर ठेवला. आधी १२ फुटांवर, मग ४ फुटांवर, मग आणखी जवळ, मग पिंजऱ्याबाहेर. काही वेळा न घाबरणारी इतर मुलंही खोलीत असायची. शेवटी पीटर सशाला स्वतःची बोटं चावू देत होता.

माझे फूट म्हणजे स्टेशनं. महापालिकेच्या रुग्णालयातल्या समुपदेशक ताईंबरोबर बसून मी यादी केली ती अशी. भांडुपच्या फलाटावर बाकावर बसून तीन गाड्या नुसत्या जाऊ द्यायच्या, भीती २५. दुपारी दोनच्या रिकाम्या स्लो गाडीने बहिणीबरोबर कांजूरमार्गपर्यंत, ४०. तेच एकटीने, ५०. दुपारीच घाटकोपर, ५५. दुपारी दादर, ६५. सकाळी सातला थेट सीएसएमटी, ७५. नऊच्या गर्दीत घाटकोपरपर्यंत, ८५. आणि सगळ्यात वर, नऊच्या गर्दीत दारापासून लांब, सीटांच्या मधे आत उभं राहून सीएसएमटीपर्यंत, ९५.

यादी करताना दोन चुका सर्रास होतात. एक, पहिली पायरीच उंच धरायची. 'सोमवारी सकाळी जाऊनच दाखवते' असं म्हणून माणूस जातो, घाबरून परततो आणि भीतीला आणखी एक पुरावा मिळतो. दुसरी, दोन पायऱ्यांत मोठी दरी ठेवायची. ४० वरून थेट ७५ वर उडी पडत नाही. मधे एखादी पायरी सुचत नसेल तर वेळ बदला, सोबत बदला किंवा अंतर बदला. या तीन गोष्टींत मुंबईत कुठलीही पायरी लहान करता येते.

आता पहिला दिवस जवळून सांगते. मी दुपारी फलाटावर गेले. इंडिकेटरवर पुढच्या गाडीला चार मिनिटं होती. हात गार पडले होते, पोटात गोळा आला होता. गाडी आली, तिचा तो वारा अंगावर आला, आणि मला उठून जिन्याकडे पळावंसं वाटलं. वहीत लिहिलं, '६०'. घरी बसून मी २५ लिहिले होते. गाडी गेली. दुसरी आली, '५०'. तिसरी येईपर्यंत समोर एक मुलगा आणि त्याची आई वडापाव खात होते, त्याच्या चटणीचा वास येत होता, आणि गाडी आल्याचं मला जरा उशिराच कळलं. '३५'. मी आणखी दोन गाड्या बसून राहिले. काही केलं नाही, फक्त उठले नाही.

यातच सगळं आहे. भीतीची लाट वर जाते, माथ्यावर येते आणि तुम्ही तिथेच राहिलात तर उतरते. घाबरण्याचा झटका सहसा दहा मिनिटांच्या आत माथा गाठतो. आपण नेमके माथ्यावर असताना पळतो, पळाल्यावर बरं वाटतं, आणि मेंदू नोंद करतो, 'पळाल्यामुळे वाचलो.' ही चुकीची नोंद खोडायला एकच मार्ग आहे, लाट उतरेपर्यंत तिथे असणं. म्हणून प्रत्येक पायरी गुण निम्म्यावर येईपर्यंत धरा, आणि तीच पायरी आठवड्यात चार-पाच वेळा करा. आठवड्यातून एकदा केलं तर दर वेळी नव्याने सुरुवात होते. पाच रुपयांचं तिकीट काढून मी कांजूरमार्गला किती वेळा गेले आणि परत आले, त्याची गणती नाही.

पायरीवर उभं असताना काय करायचं

निघण्याआधी वहीत एक वाक्य लिहा, काय होईल असं वाटतंय. परत आल्यावर खाली लिहा, काय झालं. 'दादरपर्यंत जाताना चक्कर येऊन पडेन.' खाली, 'माटुंग्यापर्यंत धडधडलं, दादरला उतरून फुलबाजारातून गजरा घेतला.' अशा वीस-पंचवीस जोड्या झाल्या की त्या वहीइतकं पटवणारं दुसरं काही नाही.

श्वास सावकाश ठेवा. चार मोजत आत, सहा मोजत बाहेर. असे मिनिटाला सहाच श्वास होतात, आणि लांब उच्छ्वासाने हृदयाचे ठोके मंदावतात. हा सराव घरी, भीती नसताना, रोज पाच मिनिटं करा. गर्दीत पहिल्यांदा करायला गेलात तर जमत नाही. आणि श्वासाने भीती हाकलायची आहे असं मानू नका. ती बसली आहे तर बसू दे, तुम्ही फक्त स्टेशन मोजा.

मग येतात कुबड्या. माझ्या चार होत्या. पर्समध्ये पाण्याची बाटली, बहिणीला लावून ठेवलेला फोन, दाराजवळचीच जागा, आणि लिमलेटच्या गोळ्या. पहिल्या पायऱ्यांवर कुबडी चालते, पीटरच्या हातातही खाऊ होताच. पण ती कायम राहिली तर मेंदू सगळं श्रेय बाटलीला देतो आणि बाटली घरी राहिली त्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून. म्हणून एकेक काढा. फोन मी सगळ्यात आधी सोडला, दाराजवळची जागा सगळ्यात शेवटी. ज्या दिवशी पहिल्यांदा आत शिरले, त्या दिवशी तिथल्या बायका मेथी निवडत होत्या. एकीने मला विचारलं, "कुठे उतरणार?" मी शेवटपर्यंत म्हटल्यावर तिने घाटकोपरला उठणाऱ्या बाईची सीट माझ्या नावावर लावून दिली. दारात उभी राहून मी हे सगळं आठ महिने आणि वर तीन आठवडे चुकवलं होतं.

सुईची भीती: इथे उलटं करायचं

रक्त, सुई, जखम बघून ज्यांना भोवळ येते त्यांच्यासाठी एक वेगळी सूचना आहे, कारण वरचा 'पडणार नाही' हा दिलासा त्यांना लागू होत नाही. या भीतीत रक्तदाब आधी वाढतो आणि मग झपकन उतरतो, आणि माणूस खरोखर पडतो. अशा वेळी अंग सैल सोडा, शांत व्हा, हा सल्ला चुकीचा ठरतो. स्वीडनमधले मानसशास्त्रज्ञ लार्स-योरान ऑस्ट यांनी यासाठी स्नायू ताणण्याची रीत बसवली. हात, पाय आणि पोटाचे स्नायू १० ते १५ सेकंद घट्ट आवळायचे, चेहऱ्याला ऊब जाणवेपर्यंत. मग २०-३० सेकंद सोडायचे, पण पूर्ण ढिले नाही, नेहमीसारखे. असं पाच वेळा. आठवडाभर घरी सराव करून मग लॅबमध्ये जा. ज्या हातातून रक्त घ्यायचं तो तेवढा सैल ठेवा, आणि तिथल्या ताईंना आधीच सांगा की मला भोवळ येते, झोपवून घ्या. त्या हसत नाहीत, त्यांना हे रोजचं आहे. गरोदर असाल किंवा हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

भीड: एका वाक्याचा सराव

भिडेपायी आपण किती गमावतो याचा हिशोब कुणी मांडत नाही. 'भीड भिकेची बहीण' असं आपल्याकडे म्हणतात ते उगीच नाही. भिडस्त माणूस सुटे पैसे मागत नाही, नासका टोमॅटो परत करत नाही, डॉक्टरांना दुसऱ्यांदा प्रश्न विचारत नाही, पगारवाढ मागत नाही.

आमच्या मजल्यावरच्या एका वहिनींना सोसायटीच्या सभेत एक प्रश्न विचारायचा होता. दुरुस्ती निधीबद्दल मागच्या सभेत नक्की काय ठरलं होतं? तीन वर्षं त्या सभेला येत होत्या, शेवटच्या रांगेत बसून चहा घेऊन जात होत्या. आम्ही दोघींनी मिळून त्यांच्याही पायऱ्या केल्या, आणि त्या सगळ्या सभेबाहेरच्या होत्या. पहिला आठवडा रिक्षात बसण्याआधी "मीटरने चला" असं खणखणीत म्हणायचं. दुसरा आठवडा भाजीवाल्या मावशींना "हा टोमॅटो बदलून द्या" म्हणायचं. मग भरल्या डब्यात "साइड द्या, उतरायचंय" हे एकदाच, पण ऐकू जाईल असं. प्रत्येक वेळी वाक्य एक, आवाज पोटातून, आणि शेवटी "नाही म्हणजे, सहज विचारलं हं" असं शेपूट नाही. हे शेपूट तोडायलाच त्यांना सगळ्यात जास्त दिवस लागले.

भीड कमी करायला माहितीही उपयोगी पडते. आपला हक्क आहे हे कागदावर ठाऊक असेल तर आवाज कमी थरथरतो. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० प्रमाणे सभासदाला सोसायटीच्या कार्यालयात ऑफिसच्या वेळेत ताळेबंद, सभांची इतिवृत्तं आणि स्वतःच्या खात्याच्या नोंदी विनामूल्य बघता येतात. वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते. वहिनींनी हे दोन मुद्दे एका चिठ्ठीवर लिहून घेतले आणि या वेळी दुसऱ्या रांगेत बसल्या.

"काका, माझा एक प्रश्न आहे. दुरुस्ती निधीबद्दल मागच्या सभेत काय ठरलं ते मला इतिवृत्तात बघायचंय."

खजिनदार काका म्हणाले, "अहो वहिनी, सगळं ऑडिट झालंय, तुम्ही कशाला त्रास घेता?"

"त्रास नाही काका. कुठल्या दिवशी येऊ, तेवढं सांगा."

त्यांचा चिठ्ठीचा हात थरथरत होता, मी शेजारीच होते. पण दुसऱ्या वाक्यात 'सहज' हा शब्द नव्हता. काकांनी शनिवार संध्याकाळ सांगितली.

समोरचा 'कशाला त्रास घेता' म्हणणारच, हे धरून चाला आणि तुमचं दुसरं वाक्य आधीच तयार ठेवा. भिडस्त माणूस पहिलं वाक्य पाठ करून जातो आणि दुसऱ्यावर गडबडतो. घरी कुणाला तरी खजिनदार व्हायला सांगा आणि तालीम करा.

धाकधूक

यावर फार लिहिण्यासारखं नाही. निकाल, मुलाखत, तपासणीचा रिपोर्ट, यांत तुमच्या हातातलं जेवढं आहे तेवढं आजच करून टाका. कपडे काढून ठेवा, कागद फाइलला लावा, कुठली गाडी धरायची ते ठरवा. उरलेल्या काळजीला संध्याकाळची पंधरा मिनिटं द्या, घड्याळ लावून, शक्यतो झोपायच्या खोलीत नाही. दिवसभरात विचार आला की 'साडेसहाला' म्हणून वहीत एका शब्दात टिपा. आणि रात्री मोबाइलवर आजारांची लक्षणं शोधू नका, त्याने धाकधूक वाढतेच.

घसरलात तर

पीटरच्या गोष्टीत एक भाग मला सगळ्यात धीराचा वाटतो. त्याची प्रगती चालू असताना त्याला स्कार्लेट फीव्हर झाला आणि दोन महिने रुग्णालयात राहावं लागलं. घरी परतताना तो आणि परिचारिका टॅक्सीत चढत असताना एक मोठा कुत्रा अंगावर धावून आला. दोघंही घाबरले, आणि पीटरची भीती पुन्हा जिथून सुरू झाली होती तिथे गेली. मेरी जोन्स यांनी पुन्हा नव्याने सुरुवात केली, आणि तो बरा झाला.

माझा कुत्रा म्हणजे जुलैतली एक संध्याकाळ. मी सगळ्यात वरच्या पायरीवर पोचून काही महिने झाले होते. पावसाने गाडी परळ आणि दादरच्या मधे तासभर अडकली, आणि सगळं परत आलं, मुंग्यांसकट. दादरला उतरून मी रडले. दुसऱ्या दिवशी टॅक्सी केली. तिसऱ्या दिवशी वही काढली, तीन पायऱ्या खाली गेले, दुपारची दादर गाडी पकडली. पहिल्या वेळी जे चढायला सात आठवडे लागले होते, ते या वेळी तीन दिवसांत झालं. घसरल्यावर पहिल्या पायरीपर्यंत जायची गरज बहुधा नसते. जिथे भीती निम्म्यावर आहे ती पायरी शोधा आणि दोन-तीन दिवसांच्या आत परत जा. दिवस जितके जातील तितकं जड होतं.

घरच्यांसाठी

"यात काय घाबरायचं!" हे वाक्य कृपा करून म्हणू नका. ते ऐकून भीती लपते, कमी होत नाही. "धीर आला की जा" हेही नको, माझे आठ महिने त्यात गेले. त्याच्या ऐवजी विचारा, "आज कुठली पायरी? मी येऊ का फलाटापर्यंत?" माझी बहीण पहिले चार दिवस बरोबर आली, पाचव्या दिवशी पुढच्या डब्यात बसली, सहाव्या दिवशी घरीच थांबली. तिने हे आपणहून केलं, आणि कुठल्याही पुस्तकापेक्षा बरोबर केलं.

डॉक्टरांकडे कधी जायचं

झोप उडाली, जेवण तुटलं, नोकरी किंवा शाळा सुटायची वेळ आली, भीती घालवायला दारू किंवा मनाने घेतलेल्या गोळ्या सुरू झाल्या, तर वाट बघू नका. एखाद्या मोठ्या अपघातानंतर किंवा अत्याचारानंतर तेच दृश्य पुन्हा पुन्हा दिसत असेल, तर वरच्या पायऱ्या एकट्याने चढू नका, तिथे माणूस सोबत लागतो. जगणं नको असा विचार येत असेल तर आत्ता, हा लेख बाजूला ठेवून, १४४१६ ला फोन करा. ही सरकारची टेली मानस सेवा आहे, चोवीस तास, विनामूल्य, मराठीतही बोलता येतं. मुंबईत केईएम, सायन, नायर आणि जेजे या रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत. केसपेपर काढायचा, रांगेत बसायचं. रांग मोठी असते, सकाळी लवकर जा आणि डबा बरोबर ठेवा. गोळ्या लिहून दिल्या तर त्या मधेच मनाने बंद करू नका.

आणि वही न्या. माझ्या डॉक्टरांनी ती पाच मिनिटं शांतपणे वाचली. मला वाटलं ते लोकलबद्दल विचारतील. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो झोपेबद्दल, आणि दुसरा, "फलाटावर बसायला कुठल्या दिवशी जमेल?"